राख, एरंडेल आणि वालाचं बी

वटार गावात कुणाच्या डाळीला भुंगा लागला किंवा तांदळात टोके झाले, की माणसं सुशीलाकाकूंना विचारायला यायची. काकू मूठभर धान्य वर काढायच्या, नाकाशी न्यायच्या, एक दाणा दाताखाली धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "दोन उन्हं कमी पडली तुमची." बहुतेक वेळा तेवढंच असायचं. त्यांच्या स्वतःच्या घरात तूर, वाल, तांदूळ जसे भरले तसे वर्षाने निघायचे. म्हणून दसऱ्यानंतरच्या सोमवारी भावाच्या बियाण्याचा पहिला डबा उघडल्यावर आत काहीतरी हललं, तेव्हा काकूंना आधी आपले डोळेच बिघडलेत असं वाटलं.

त्यांनी डबा ओढून पडवीच्या उजेडात आणला. वाल हलत होते. म्हणजे वालांवरून तपकिरी, तिळापेक्षा थोडे मोठे भुंगे फिरत होते. काही डब्याच्या पत्र्यावर चढत होते. दाण्यांना गोल, कोरून काढल्यासारखी भोकं पडली होती.

दुसऱ्या डब्यातही तेच.

काकू पायरीवर बसल्या. त्यांनी मनात सगळं उलगडून बघितलं. चैत्रात चार कडक उन्हं दिली होती. डबे धुऊन, वाळवून घेतले होते. झाकणाच्या कडेला मेण लावलं होतं. आणि या वर्षी नेहमीपेक्षा जास्तच केलं होतं. काय राहिलं असेल ते त्यांना कळेना.

हे बी साधं नव्हतं. काकूंचं माहेर पूर्वेला, खाडीच्या काठचं. भात कापलं की त्याच ओलीवर त्यांचे वडील वाल टोकायचे. बारीक, तांबूस, चवीला अंमळ कडू असे ते वाल. बाजारचं बी त्या खारट जमिनीत तगत नाही. धर्माने, काकूंच्या धाकट्या भावाने, एकदा करून बघितलं होतं. वेल हातभर वाढले आणि पिवळे पडले. आता आजूबाजूच्या शेतांत मातीचे भराव पडले, चुलतभावांनी जमिनी विकल्या, आणि ते बी एकट्या धर्माच्या घरात उरलं. यंदा चैत्रात त्याने जुनं घर पाडून नवं बांधायला काढलं. सामान भाड्याच्या एका खोलीत. तेव्हा तो दोन डबे टेम्पोतून घेऊन वटारला आला होता.

"बाय, हे तुझ्याकडं ठेव. दिवाळी झाली का नेईन," एवढंच तो म्हणाला होता.

लग्नाच्या छत्तीस वर्षांत माहेरच्या कुणी काकूंवर काही सोपवलं नव्हतं. खाडीकाठची मुलगी केळीच्या वाडीवाल्यांच्या घरात गेली, तीही स्वतःच्या पसंतीने, म्हणून पहिली दहा वर्षं बोलणंच बंद होतं. नंतर सुरू झालं ते पाहुण्यासारखं. त्यामुळे ते दोन डबे घरात आले तेव्हा काकूंनी ते देवघराच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवले होते.

संध्याकाळी हरिश्चंद्रकाका वाडीतून केळीची पानं घेऊन आले, तर बायको पडवीत ताडपत्री पसरून तिच्याकडे नुसती बघत बसलेली.

"काय झालं?"

"भुंगा लागला."

"कशाला?"

"धर्माच्या बियाला."

काका एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बिघाड म्हटलं की आधी खाली वाकून बघायची त्यांची सवय गेली नव्हती. ते वाकले. एक भुंगा बोटाने दाबायला गेले, तो निसटला. पुन्हा दाबला, पुन्हा निसटला.

"टणक आहे की लेकाचा," ते म्हणाले. "तू तर सगळं केलं होतंस."

"सगळंच केलं होतं. म्हणूनच डोकं चालेना."

सगळं म्हणजे काय, ते सांगायला हवं. काकूंच्या माहेरी बियाला राख लावायचे. चुलीतली, चाळलेली, कोरडी. लग्नानंतर पहिल्याच वर्षी काकूंनी सासरच्या तुरीलाही राख चोळली होती. सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी ती सगळी तूर उचलून विहिरीवर नेली, तीन पाण्यांनी धुतली, उन्हात घातली आणि मग नव्या सुनेला जवळ बसवून एरंडेलाची बाटली तिच्या हातात दिली. "आमच्यात अन्नाला राख लावत नाहीत. तेल लावतात. हाताला लागेल एवढंच, दाण्याला दिसणार नाही असं." त्या दिवसापासून काकू एरंडेलच लावत आल्या आणि त्यातच त्यांचं नाव झालं. राखेला छत्तीस वर्षांत हात लावला नव्हता.

पण हे बी माहेरचं. त्याला माहेरची राखच हवी असं त्यांच्या मनाने घेतलं. घरात चूल नाही, तेव्हा शेजारच्या आगाशी गावातल्या एरॉलच्या बेकरीतून भट्टीची राख आणली. लाकडाची, पांढरी, पिठासारखी. एरॉलने पिशवी भरून दिली होती आणि वर विचारलं होतं, "काकू, भांडी घासायला आता कोण राख वापरतंय? टीव्हीवाले येणार काय शूटिंगला?" ती राख लावायच्या आधी मात्र त्यांचा हात आपोआप एरंडेलाच्या बाटलीकडे गेला. एवढं मोलाचं बी, तर दोन्ही करावं. आधी तेल, मग राख. दोन्ही घरची राखण.

आता त्यांनी मूठभर वाल उचलले. राख दाण्यांवर भुकटीसारखी नव्हती. तिचे करडे, मऊ गोळे झाले होते. ते बोटाला चिकटत होते. हे आधी का दिसलं नाही, असं त्यांना वाटलं. पण दिसून तरी त्यातून काय कळलं असतं?

तेवढ्यात फोन वाजला. धर्माच होता. नव्या घराच्या लाद्यांचं बोलला, भाताचं बोलला आणि शेवटी विचारलं, "बी कसं हाय?"

"आहे," काकू म्हणाल्या.

फोन ठेवून त्या पुन्हा ताडपत्रीशी बसल्या. आपण खोटं बोललो की नाही, हेही त्यांना नीट ठरवता येईना. बी होतं तर खरंच.

त्यांचा मुलगा अनुज सातिवलीला पावडर कोटिंगच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. लोखंडी ग्रिल, कपाटाची दारं, पंख्याच्या जाळ्या त्यांच्याकडे येतात. तिथे त्या धुऊन, कोरड्या करून, त्यांच्यावर रंगाची कोरडी भुकटी उडवतात आणि मग भट्टीत भाजतात. कोटिंगला सुईच्या टोकाएवढं छिद्र राहिलं तरी गंज तिथून शिरतो, म्हणून अनुजच्या खिशात कायम दहापट मोठं दाखवणारं एक भिंग असतं. त्या दिवशी घरी आल्यावर आईची हकिकत ऐकून त्याने भिंग काढलं, एक भुंगा चिकटपट्टीवर चिकटवला आणि दिव्याखाली धरला.

"ए आई, ये ना इकडे. ह्याला पण कोटिंग आहे."

काकूंनी एक डोळा मिटून दुसरा भिंगाला लावला. आधी सगळं धुरकट. मग एकदम समोर एक जनावर उभं राहिलं. पाठीवर मधोमध सरळ रेघ आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची दोन झाकणं, कपाटाच्या दोन दारांसारखी घट्ट मिटलेली.

"हे काय आहे?"

"पंख."

"पंख असे असतात? ही तर दारं आहेत."

अनुजने टाचणीच्या टोकाने एक दार हळूच उचललं. आत कांद्याच्या पापुद्र्यासारखा पारदर्शक पंख होता, निऱ्या करून खोचावा तसा दुमडून ठेवलेला. त्याच्याही खाली पाठ होती, फिकट आणि मऊ.

"म्हणजे उडायचे पंख आत आहेत," अनुज स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "वरचे नुसतं झाकायला. धान्यात घुसताना आतलं फाटू नये म्हणून."

"पण मागून उघडाच आहे की. दारं पुरली नाहीत ह्याला. सदरा आखूड झाल्यासारखं दिसतंय."

अनुजने बघितलं. खरंच, झाकणं शेपटाच्या टोकापर्यंत पोचत नव्हती. "मला नाही माहीत, आई. मी लोखंडवाला आहे. थांब, संपदाला लावतो."

"कोण संपदा?"

"मैत्रीण आहे. शेतकी कॉलेजची आहे ती."

"कधीपासून?"

"शेतकीला होती चार वर्षं."

"ते नाही विचारलं मी," काकू म्हणाल्या, पण फोन लागला होता आणि स्पीकरवर होता.

संपदाने सगळं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा अनुजलाच झापलं. "भुंगा मेलाय का जिवंत आहे ते न बघता पंख उचलतोस? गुदगुल्या होतात त्याला." मग म्हणाली, "काकू, नमस्कार. त्याच्या शेपटाची काळजी करू नका, तिथली कातडीही टणकच असते. ह्यांना आत हाडं नसतात. बाहेरचं कवच तेच हाड, तीच कातडी, तेच चिलखत. आणि कवचावर सगळ्यात वर मेणाचा एक थर असतो, अगदी पातळ. एवढासा जीव, आत पाणी किती असणार? ते उन्हात उडून जाऊ नये म्हणून तो थर."

"आणि राख?" काकूंनी विचारलं. "आमची आई म्हणायची, राखेची धग असते, किडा भाजतो."

"धग नसते, काकू. राख खरवडते. ती बारीक आणि कोरडी असते ना, भुंगा त्यातून चालला की मेणाचा थर घासला जातो, थोडं मेण राख शोषूनही घेते. मग आतलं पाणी उडतं आणि भुंगा वाळून मरतो."

आई इतकी वर्षं जे सांगत आली ते चुकीचं आणि जे करत आली ते बरोबर, हे एकाच वेळी कसं असू शकतं?

"मग एरंडेल?"

"त्याचं काम निराळं. मादी दाण्यावर अंडं चिकटवते. तेलाने अंड्याचा श्वास कोंडतो. दाणा निसरडा झाला की अंडं नीट चिकटतही नाही."

"म्हणजे एकाने मोठे मरतात, एकाने अंडी मरतात. दोन्ही केलं की दुप्पट व्हायला पाहिजे."

"व्हायला पाहिजे खरं," संपदा म्हणाली. "दोन्ही एकत्र कुणी करतं असं मी ऐकलं नाहीये. तुम्ही केलंत?"

काकूंनी डबा अनुजपुढे सरकवला. अनुज डब्यातल्या राखेचा गोळा बोटांत चुरत होता. तो चुरला जात नव्हता, पसरत होता.

"आमच्याकडे पत्र्याला तेलाचं एक बोट लागलं तरी अख्खा पीस परत धुवायला जातो," तो हळूच म्हणाला. "तेलकट जागी पावडर धरत नाही. पण ते लोखंडाचं झालं. हे तसंच असेल का, काय माहीत."

"करून बघा ना," संपदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पडवीच्या फळीवर लोणच्याच्या चार रिकाम्या बाटल्या उभ्या राहिल्या. दुकानातून आणलेले स्वच्छ वाल प्रत्येकीत मूठभर. पहिलीत नुसते वाल, दुसरीत तेल लावलेले, तिसरीत राख लावलेले, चौथीत आधी तेल आणि मग राख. प्रत्येकीत वीस-वीस भुंगे, तोंडाला फडकं. अनुजने चिकटपट्टीवर नावं लिहून लावली. हरिश्चंद्रकाका येता-जाता वाकून बघायचे आणि म्हणायचे, "चौघांचाही पगार सारखाच आहे ना? नाहीतर संप करतील."

काकूंना हसू येत नव्हतं. दिवसभर त्या खऱ्या डब्यांतले वाल निवडत होत्या. भोकाचे वेगळे, बिनभोकाचे वेगळे. पण बिनभोकाच्या दाण्यांवरही पांढरे ठिपके होते आणि संपदाने सांगितलं होतं की ठिपका म्हणजे अंडं. अळी तिथूनच आत शिरते आणि भुंगा होऊनच भोक पाडून बाहेर पडते. म्हणजे चांगला दिसणारा दाणाही आतून खाल्लेला असू शकतो. मग निवडायचं तरी काय? काकू एक दाणा उचलायच्या, उजेडाकडे धरायच्या, या ढिगात टाकायच्या, पुन्हा उचलून त्या ढिगात टाकायच्या. चाळीस वर्षं धान्य निवडलेल्या हाताला आता एका दाण्याचा निकाल लागेना.

चौथ्या दिवशी अनुजने बाटल्या ताटात ओतून मोजल्या. नुसत्या वालांच्या बाटलीत चार मेलेले. तेलाच्या बाटलीत अकरा. राखेच्या बाटलीत एकोणीस, आणि ते इतके हलके झाले होते की फुंकरीने उडाले. तेल आणि राख दोन्ही असलेल्या बाटलीत पाच.

"पाच?" काकूंनी विचारलं. "परत मोज."

त्याने परत मोजले. पाचच. उरलेले पंधरा ताटाच्या कडेकडेने चालायला लागले होते.

"तेलाने राख ओली केली आणि राखेने तेल पिऊन टाकलं," अनुज म्हणाला. "राख खरवडेना, तेल दाण्यावर राहीना. बहुतेक."

"आणि नुसत्या वालांतले चार कशाने मेले?"

"ते असेच. संपदा म्हणते, ह्यांचं आयुष्यच दहा-बारा दिवसांचं असतं."

काकूंना हे सगळं समजलं आणि तरी समजलं नाही. आईची राख चुकली नव्हती, सासूबाईंचं तेल चुकलं नव्हतं. चूक आपली होती, पण ती आळसाची नव्हती, हयगयीची नव्हती. जास्त जपण्याची चूक असते, हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. कारण ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी बिनभोकाचे वाल स्वच्छ धुऊन तेल घालवलं, तीन दिवस पत्र्यावर कडक उन्हात तापवले आणि मग नुसत्या कोरड्या राखेत ठेवले. दोन डब्यांचा एकच डबा झाला होता, तोही वर बोटभर रिकामा. त्यातले पन्नास दाणे त्यांनी रात्रभर भिजत घातले आणि सकाळी ओल्या फडक्यात बांधले. मोड आणणं हे त्यांचं रोजचंच काम. वालाच्या बिरड्यासाठी किती वेळा पुरचुंडी बांधली असेल, त्याला हिशेब नाही. पण आजवर कधी पुरचुंडी सोडून मधेच बघितली नव्हती. या वेळी दर दोन तासांनी बघत होत्या. वेगळ्या चिंधीत त्यांनी भोकाचे दहा दाणेही बांधले. कशाला, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुरचुंड्या बांधून तिसऱ्या दिवशी, भाऊबीजेच्या सकाळी, धर्मा आला. ओवाळून झालं, चकली झाली, चहा झाला. मग त्याने हात पुसले. "चल, डबे दे. टेम्पो उभा हाय."

काकूंनी एक डबा आणून त्याच्या पुढ्यात ठेवला.

"दुसरा?"

"दुसरा नाही." आणि मग काकूंनी सगळं सांगितलं. राख, तेल, दोन्ही. फोनवर "आहे" म्हटलं होतं तेही. सांगताना त्यांची वटारची भाषा सुटत जाऊन माहेरची बोली आली. "मना वाटला, दोनी केला तर जास्त टिकंल. कोन करतं असं, सांग तू. मीच केला."

धर्माने डब्यात हात घातला. राख बोटांवरून कोरडी ओघळली. त्याने दोन-चार दाणे वर काढून तळहातावर घेतले. हरिश्चंद्रकाका खुर्चीतून उठून उगाच दाराशी गेले.

"बाय, मी तुझ्याकडं का दिलं बी, म्हाइते?" धर्मा म्हणाला.

"घर पाडलंस म्हणून."

"घर तर पाडलंच. पन भाड्याच्या खोलीत दोन डबे मावत नव्हते का? चूल गेली ना आमची. गॅसवर राख कुठून येनार? गेल्या वर्षी लाकडाच्या वखारीतनं कसली राख आनली, तर निम्मं बी खराब झालं. म्हटलं, बायच्या सासरी तेल लावतात, तिचं धान्य कधी किडत नाय. तेल लावून ठेवील."

"तू तेलासाठी दिलंस?"

"मंग? आनि तू राख शोधत आगाशीला गेलीस."

"माहेरचं बी म्हणून गेले."

"आनि मी सासरचं तेल म्हनून आनलं," धर्मा म्हणाला. मग दाराकडे बघून, "भावोजी, तुमी पन काय बोलला नाय?"

"मला एस.टी.चं विचार," काका म्हणाले. "तुम्हा दोघांच्या मधे मी कधी शिरलोय?"

काकूंनी स्वयंपाकघरातून पुरचुंडी आणली आणि सोडली. पन्नासांत तेहतीस दाण्यांना मोड होते. पांढरे, वाकडे, नखाएवढे. दुसऱ्या चिंधीत दहांपैकी दोनांना. भोक पडलेल्या दोन दाण्यांतूनही कोंब आला होता. हे कसं, ते संपदालाच विचारायला हवं होतं.

धर्माने तेहतीस दोनदा मोजले. मनात काहीतरी जुळवलं. "एका खड्ड्यात एक टाकायचो, तिथं दोन टाकू. पाव शेतच होईल. पन बी राहील. पुढच्या वर्षी पुरं."

"राहील ना?"

"उगवलंय समोर, आनि मला काय विचारतेस?"

त्याने डबा उचलून टेम्पोत ठेवला. मोडाचे वाल काकूंनी त्याला ओल्या फडक्यातच बांधून दिले. बिरड्याला ठेवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. टेम्पो सुरू झाल्यावर धर्माने खिडकीतून मान बाहेर काढली.

"मार्चला बी निघालं की तुझ्याकडंच आननार. पन या बारीला एकाच घरचं कर."

"कुठल्या?"

"ते तू बघ, बाय. आता तुलाच म्हाईत," असं म्हणून तो गेला.

काकू पडवीत आल्या. फळीवर एरंडेलाची बाटली होती, शेजारी एरॉलच्या राखेची अर्धी पिशवी. भोकाच्या वालांतून नुकताच निघालेला एक भुंगा पिशवीच्या कडेवर बसला होता. त्याने पाठीवरची दोन दारं उघडली, आतला पंख थोडा बाहेर काढला, पुन्हा आत घेतला आणि दारं लावून टाकली. काकूंनी पिशवीचं तोंड बांधलं, बाटलीचं बूच घट्ट केलं आणि त्यातली कुठली वस्तू पुढे ठेवायची, कुठली मागे, हे ठरवत त्या कितीतरी वेळ तिथेच उभ्या राहिल्या.